बांधावरून पळणारे तात्या

आमच्या शेजारच्या कडुबातात्यांना अंतर विचारू नये. विचारलंत की उत्तर मिळतं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या बिल्डिंगपासून पिठाच्या गिरणीपर्यंत दोनशे चौदा पावलं. माझ्या औषधांच्या दुकानापर्यंत तीनशे एकाहत्तर, आणि पावसाळ्यात डबकं चुकवून गेलात तर तीनशे ब्याऐंशी. वर "मोजून बघितलंय" हे शिक्कामोर्तब. लिफ्टमध्ये ते पाय ठेवत नाहीत. तिथं मोजायला काही नसतं, म्हणे.

अख्खी नोकरी त्यांनी मोजणी खात्यात काढली. साखळी ओढत, ऊन खात, लोकांच्या शेतांच्या हद्दी ठरवत तालुकेच्या तालुके पालथे घातले. निवृत्तीनंतर साखळी सुटली, हद्द काही सुटली नाही. आमच्या पार्किंगमध्ये प्रत्येकाच्या गाडीसाठी पिवळे पट्टे मारलेत. सगळे लोक त्यांवरून आडवेतिडवे जातात. तात्या मात्र रिकाम्या पार्किंगलाही वळसा घालून गेटपर्यंत जाणार. "दुसऱ्याच्या हद्दीत पाय नाय ठेवायचा." झालं!

मला शुगर निघाली आणि डॉक्टरांनी चालायला लावलं. आयुष्यभर दुसऱ्यांना गोळ्या विकणारी बाई मी, आता स्वतःच गिऱ्हाईक झाले म्हणून तोंड लपवत सकाळी निघायचे. तर गेटवर तात्या हजर. "चल पोरी, एकटी काय जाती?" चालता चालता आम्ही कधी पळायला लागलो ते आम्हालाही कळलं नाही. तात्यांचं वय तेव्हा सदुसष्ट.

दर हिवाळ्यात सोयगावकडं, डोंगराच्या पायथ्याला एक शर्यत होते. डांबरी रस्ता नाही. पायवाट, नाला, चढण आणि शेतं, असे एकवीस किलोमीटर. मी नाव दिलं तेव्हा तात्यांनी सहज विचारलं, "कुठून कुठून जाती गं ही शर्यत?" मी मोबाईलवर नकाशा दाखवला. चष्मा कपाळावर चढवून, फोन नाकाला लावून ते बराच वेळ बघत बसले. मग फोन परत देत म्हणाले, "माझंबी नाव दे."

शर्यतीला तात्या आले ते पायजमा, मफलर आणि कॅनव्हासचे बूट घालून. उजव्या खिशात तीस चिंचोके. हजार पावलं झाली की एक चिंचोका उजव्या खिशातून डाव्या खिशात. माझ्या मनगटावरच्या जीपीएसच्या घड्याळाकडं बघून म्हणाले, "तुझ्या घड्याळाला आभाळाला विचारावं लागतं. मला खिसा पुरतो."

इथवर ठीक होतं. शेतं सुरू झाली आणि माझ्या नाकी नऊ आले. कापूस निघून गेलेल्या मोकळ्या रानांतून चुन्याची पांढरी रेघ सरळ गेलेली, सगळे त्या रेघेवरून पळतायत, आणि आमचे तात्या बांधाबांधानं! चौकोनी रान असेल तर चौकोनी वळसा. वाट दाखवायला उभी असलेली माणसं ओरडून बेजार. "काका, इकडून! रेघ बघा!"

"रेघ तुमची हाय, रान दुसऱ्याचं हाय," तात्या तिकडून ओरडले.

"अहो, शेतकऱ्यांनी परवानगी दिलीय!"

"मला कुठं दिलीय?"

मी कपाळावर हात मारला. साडेतीन तासांच्या आत पोचलं तरच पदक मिळतं. आम्ही अकरा मिनिटांनी चुकलो. दुसऱ्या वर्षी नऊ मिनिटांनी. मला सोडून जाता आलं असतं, पण सकाळ-सकाळ गेटवर उभं राहणाऱ्या माणसाला असं सोडवत नाही. चिडचिड मात्र पोटभर केली.

तिसऱ्या वर्षी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सोळाव्या किलोमीटरनंतर एक बांध लागायचा. एका बाजूला नांगरलेलं काळं रान, दुसऱ्या बाजूला कमरेइतकं तण माजलेलं पडीक. त्या बांधावर आले की तात्या पळायचे थांबायचे आणि चालू लागायचे. अगदी सावकाश. रानात एक उंच म्हातारा आमच्याकडं पाठ करून उभा असायचा. दरवर्षी तोच, दरवर्षी पाठच.

त्या वर्षी परतताना जीपमध्ये मी फाडफाड बोलले. "तात्या, मोकळ्या रानात चार पावलं टाकली तर पाप लागतं का? दरवर्षी पदक हुकतंय माझं!"

तात्यांनी खिशातले चिंचोके चाचपले. मग म्हणाले, "त्या बांधाशी जो पाठ करून उभा व्हता ना, त्यो सांडू. माझा धाकटा भाऊ."

वडिलांच्या शेताचे दोन वाटे झाले होते. नांगरताना सांडूकाकांनी बांध थोडा कोरला, तात्यांना संशय आला. सरळ विचारायचं सोडून त्यांनी साखळी आणली, सगळ्या गावासमोर मोजणी केली, दीड हात जमीन सांडूकडं जास्त निघाली. तात्यांनी स्वतःच्या हातानं हद्दीचे दगड रोवले. त्या दिवसापासून अठरा वर्षं भावानं तोंड उघडलं नव्हतं. तात्यांनीही आपला वाटा तसाच टाकून दिला. कसला नाही, कुणाला कसूही दिला नाही.

"मोजणी खरी व्हती पोरी, एक बोट चूक नव्हती. पण दीड हातापायी मी भावाला गावासमोर चोर केलं. आता घरी जायला तोंड नाय. शर्यतीत गेलं तर कुणी विचारत नाय, का आलास म्हणून. वाटलं, कधीतरी वळून बघंल."

मला माझीच लाज वाटली. पदकाचं नाव मी पुन्हा काढलं नाही.

यंदा तात्यांचे गुडघे दुखत होते. मी मलम दिलं, पट्टा दिला, येऊ नका म्हणूनही सांगितलं. ऐकतील तर तात्या कसले! लंगडत, चिंचोके या खिशातून त्या खिशात टाकत ते सोळा किलोमीटर आले. नाला ओलांडून वर चढलो आणि ते जागच्या जागी थांबले.

बांध नव्हताच! तणही नव्हतं. दोन्ही वाटे मिळून एकच काळंभोर रान नांगरून पडलं होतं, आणि त्यातून चुन्याची रेघ सरळ पलीकडं गेली होती. तात्यांनी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. आयुष्यभर लोकांच्या हद्दी शोधून देणाऱ्या माणसाला स्वतःचीच सापडेना.

रानातून सांडूकाका चालत आले. हातात पाण्याचा तांब्या. या खेपेला तोंड आमच्याकडं होतं.

तात्यांचा आवाज चढला. "बांध कुठंय?"

"मोडला."

"कुणाला इचारून?"

"कुणाला इचारू? तू बोलत व्हतास का?"

मग त्यांच्यातला मोजणीवाला जागा झाला. "आन् हद्दीचे दगड? हद्दीचे दगड हलवणं गुन्हा असतो, सांडू!"

"हिरीवर लावलेत. तुझी भावजय धुणं धुती त्यांच्यावर. जा, कर तक्रार."

मला हसू फुटलं, पण तात्यांच्या चेहऱ्याकडं बघून ते गिळलं. सांडूकाकांनी तांब्या पुढं केला. आवाज एकदम खाली आला त्यांचा.

"लई लांबून जातोस, दादा. दर साली बघतो म्या. पार त्या बाभळीपोतर जाऊन वळून येतोस, म्हातारपणी. गुडघे दुखत असतील. म्हणलं, बांधच नगं."

म्हणजे पाठ करून उभा राहणारा हा माणूस दरवर्षी बघत होता!

तात्यांनी पाणी घेतलं नाही. दोन्ही हातांनी भावाचा हात धरला, तांब्यासकट. पाणी दोघांच्या पायांवर सांडलं. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. मग दोघंजण ढेकळं तुडवत, एकमेकांच्या आधारानं त्या रानातून पलीकडं निघाले, रेघेवरून सोडा, वाट्टेल तसे. मी मागून चालले. इतक्या वर्षांत तात्यांचा पाय त्या मातीला पहिल्यांदा लागत होता.

विहिरीवर भावजयीनं चहा टाकला, भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. आम्ही पोचलो तेव्हा शर्यतीची कमान उतरवत होते. पदकाचं तर नावच नको.

जीपमध्ये बसल्यावर मी सवयीनं विचारलं, "तात्या, किती भरलं यंदा?"

त्यांनी डाव्या खिशातले चिंचोके मांडीवर ओतले, मोजले आणि पुन्हा खिशात टाकले.

"नाल्यापोतर बावीस हजार," ते म्हणाले. "त्याच्या म्होरं मोजलं नाय, पोरी."