कुकरला सीटबेल्ट

बापटकाका गाडीत कुकरला सीटबेल्ट लावतात. पुढच्या सीटवर, स्वतःच्या शेजारी. मग दार न आपटता कमरेने हलकेच दाबून लावतात आणि मुंगीच्या वेगाने आमच्या कॅरव्हान साइटवरून बाहेर पडतात. साइटच्या मागे टेकाडावर एक मोकळं पार्किंग आहे. तिथे छोट्या गॅसवर कुकर चढवायचा, तीन शिट्ट्या होऊ द्यायच्या, त्या मेंढ्यांनी ऐकायच्या आणि टॉवेलात गुंडाळलेला कुकर घेऊन परत यायचं. वेल्समध्ये पाऊस असतोच. काका छत्री धरतात ती कुकरवर, स्वतः भिजतात.

"शेजाऱ्यांना त्रास नको," हे त्यांचं ब्रीदवाक्य.

मी इंग्लंडात मेडनहेडला राहते. ब्रॅकनेलच्या ऑफिसचा वैताग उतरवायला महिन्या-दोन महिन्यांनी इथे येते. काकांची कॅरव्हान, म्हणजे चाकांवरचं सुट्टीघर, माझ्या शेजारची. ते हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर होते. "अगं, चाळीस वर्षं लोकांना झोपवलं, आता रिटायर होऊन त्यांची झोप मोडू का?" असं विचारतात, तेही कुजबुजत. त्यांच्या खुर्च्यांच्या पायांत मोजे आहेत. शिंक आली तर ते कपड्यांच्या कपाटात डोकं घालतात. एकदा मी फोनवर नवऱ्याशी भांडले, तर दुसऱ्या दिवशी सकाळी काका दारात हजर. "सॉरी हं. काल ऐकू आलं. नेक्स्ट टाइम आधी सांग, मी वॉकला जाईन." भांडणाची पूर्वसूचना कशी द्यायची, ते मला अजून कळलेलं नाही.

या शिट्टीप्रकरणाचं मूळ मला विमलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, सांगितलं होतं. काकू काकांच्या अगदी उलट. हसल्या की सगळ्या साइटला कळायचं. इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी कुकर लावला, शिट्ट्या झाल्या आणि पलीकडच्या मॉरीनबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "एव्हरीथिंग ऑल राइट?" एवढंच म्हणाल्या. काका शरमेने अर्धमेले झाले. इंग्रज माणूस तक्रार करत नाही, चौकशी करतो, अशी त्यांची पक्की समजूत. त्यांनी दहा वेळा सॉरी म्हटलं, दार लावलं, आणि त्या दिवसापासून कुकर टेकाडावर गेला. मग वासाच्या भीतीने फोडणी गेली. मग स्वयंपाक करतानाचं काकूंचं गाणं गेलं. हसताना तोंडावर हात आला. "अहो, कुकर आहे तो, शिट्टी देणारच," असं काकू सुरुवातीला म्हणायच्या. पुढे त्यांनी म्हणणंही सोडलं.

शेवटच्या उन्हाळ्यात आजारपणामुळे काकूंचं जेवण तुटलं होतं. एकदा मला म्हणाल्या, "शिट्टी ऐकली ना, की भूक लागते गं मला. लहानपणापासूनची सवय." मी ते काकांच्या कानावर घातलं. "बघू," म्हणाले आणि छत्री घेऊन टेकाडाकडे निघाले. खोटं कशाला बोलू, मला त्यांचा फार राग आला होता. त्या हिवाळ्यात काकू गेल्या. त्याला आता तीन वर्षं झाली.

परवा, सीझन संपताना, काकांनी कॅरव्हान विकली. निरोप घ्यायला चॉकलेटचे डबे घेऊन निघाले आणि सोबत मला ओढलं. प्रत्येक दारात एकच वाक्य, "काही त्रास झाला असेल तर माफ करा." लोक बिचारे आठवून आठवून थकले, त्रास काही सापडेना.

मॉरीनबाईंकडे काकांनी त्या पहिल्या उन्हाळ्यातल्या शिट्टीची माफी मागितली. बाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"तक्रार?" त्या म्हणाल्या. "नाही हो डॉक्टर. माझा नवरा, केन, त्याच वर्षी गेला होता. तुमच्याकडून इतका छान वास येत होता! वाटलं, कुणीतरी आहे इथे. तुम्ही आत बोलवाल, म्हणून आले होते मी." मग म्हणाल्या, "आणि तुमच्या मिसेसचं ते हसणं. किती गोड होतं. पुढे ते ऐकूच येईना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं."

चॉकलेटचा डबा काकांच्या हातातच राहिला. दुसऱ्याच्या जागेत कधी पाऊल न टाकणारा हा माणूस परत जाताना सगळ्यांच्या अंगणांतून सरळ चालत गेला. स्वतःच्या दाराशी थांबून मला म्हणाला, "मीच गप्प केलं गं तिला. कुणी तसं करायला सांगितलंच नव्हतं." मला रडू यायला लागलं.

सगळं सामान बांधून झालं होतं, कुकर तेवढा बाहेर होता. थोड्या वेळाने काकांच्या कॅरव्हानमधून शिट्टी झाली. मॉरीनबाई कोट न घालताच धावत बाहेर आल्या, मीही आले. दुसरी झाली, तिसरी झाली. आता काका गॅस बंद करतील, असं मला वाटलं. चौथी झाली, पाचवी झाली. खिडकीतून दिसलं, काका कुकरपाशीच उभे होते. आत भाताचा गिच्च गोळा झाला असणार. आम्ही दोघी पावसात उभ्या होतो आणि दार वाजवायचा धीर दोघींनाही होत नव्हता.