आठ बोटांचं घोंगडं

टेरीसाने एफीच्या मधल्या बोटाची लांबी मोजायला व्हर्नियर लावला, डोळे बारीक केले आणि वहीत लिहिलं : सात पूर्णांक नऊ सेंटिमीटर.

"झालं?" एफीने विचारलं. "की रक्तपण काढणारेस?"

"अजून दोनदा घेते. सरासरी काढलेली बरी."

"अगं, बोट एकच आहे. चौऱ्याऐंशी वर्षांत जे वाढायचं ते वाढलं. आता चहा पिईपर्यंत काय वाढणार?"

टेरीसा बीटन सत्तावीस वर्षं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत नमुने तपासत होती. एकदा घेतलेल्या मापावर विश्वास ठेवायचा नाही, हा तिचा धर्मच होता. आणि या मापावर तर सगळंच अवलंबून होतं.

ब्रेमोर गावात हातमागावर विणणारी एफी आता एकटीच उरली होती. दर मंगळवारी ती गावच्या हॉलमध्ये विणकाम शिकवायची. दोन वर्षांपूर्वी अकरा जणी आल्या. पहिल्या महिन्यात सुती धाग्याने सहा जणींना पळवलं, दुसऱ्या महिन्यात एफीच्या जिभेने चार जणींना. टेरीसा राहिली. तिला एफीच्या आजोबांनी बर्चच्या लाकडातून घडवलेला तो माग आवडायचा. त्यावर बसलं की दिवसभराची गडबड डोक्यातून उतरून पायांत जायची आणि पायाखालचे पायटे दाबता दाबता तिथून नाहीशी व्हायची. पण हॅलिफॅक्सच्या एका संग्रहालयालाही तो माग हवा होता. एफीनंतर माग कुणाकडे, हे दोन वर्षांचं भिजत घोंगडं. शेवटी जुलैमध्ये एफीने निकाल लावला.

"तू विणलेलं कापड ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी टेबलावर घेऊ. ठोकून माझ्या मधल्या बोटाच्या लांबीने बरोबर आठ बोटं रुंद झालं, तर माग तुझ्या घरी. नाहीतर त्यानंतरच्या सोमवारी संग्रहालयवाल्याचा ट्रक येतोच आहे."

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड विरळ असतं, त्यातून वारा जातो. ते साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून, दोन टोकं शिवून त्याचं कडं करायचं, लांब टेबलाभोवती माणसांनी बसायचं आणि पूर्वजांच्या गेलिक भाषेतली गाणी म्हणत, ताल धरून, कापड टेबलावर आपटत उजवीकडे सरकवत राहायचं. गाण्यागणिक कापड आटतं आणि दाट होतं. पूर्वी हे साबणाऐवजी शिळ्या लघवीत भिजवत.

"तुझ्या इस्पितळात रोज बाटल्याच्या बाटल्या येतात," एफी म्हणाली होती. "दोन बादल्या आणल्यास तर कुणाला कळणारे?"

"एफी, माझी नोकरी जाईल."

"लोकर मऊ होईल पण!"

टेरीसाने साबणच घेतला. मात्र बाकी कशातही तिने कसर ठेवली नाही. कापडाचे बारा तुकडे विणून तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर चाचण्या घेतल्या. समोर नवरा, लॉकी. त्याला एकही ठोकगाणं पूर्ण येत नसल्याने तो हॉकीच्या मॅचमधल्या घोषणांवर कापड आपटायचा. त्याचा परिणाम तिने हिशेबातून वजा केला. निष्कर्ष असा : साडेनऊ बोटांचं कापड सहा गाण्यांत आठ बोटांवर येतं. चूक झालीच तर अर्ध्या कडव्याची.

ठरलेल्या शनिवारी हॉलमध्ये बारा माणसं जमली. सहा गाणी, बारा माणसं, पाणी चाळीस अंश. टेरीसाच्या पर्समध्ये थर्मामीटर होता. ठोकणीचे नियम सगळ्यांना पाठ होते : कापड सूर्याच्या दिशेने फिरायचं, उलटं कधीच नाही, एक गाणं एका कापडावर दोनदा म्हणायचं नाही, सुरू झालेलं गाणं मध्येच तोडायचं नाही, आणि दारात आलेल्या पाहुण्याला एक गाणं दिल्याशिवाय परत पाठवायचं नाही. हा शेवटचा नियम टेरीसाने वहीत लिहिला नव्हता, कारण पाहुणे येणारच नव्हते.

पाचवं गाणं संपत असताना बाहेर बसचा दरवाजा उघडल्याचा आवाज झाला.

"आलो रे बाबांनो!" दारातून रॉडी हेक्टर ओरडला. तळ्यापलीकडच्या गावातला हा सत्तर वर्षांचा माणूस; छाती पिंपासारखी, आवाज त्याहून मोठा. त्याच्या मागून एकेक करून तेरा जण उतरले.

"तुम्ही इकडे कसे?" टेरीसाने कसंबसं विचारलं.

"कसे म्हणजे? आमच्या हॉलमधलं कापड कसरीने खाल्लं. लॉकी धक्क्यावर भेटला होता, म्हणाला, या की शनिवारी सगळे! नवीन कापड आहे!"

टेरीसाने वळून पाहिलं. लॉकी छताकडे बघत होता.

"मी सांगणार होतो तुला," तो हळूच म्हणाला.

"कधी?"

"तू त्या वेळी माझं आपटणं वजा करत होतीस. मला वाईट वाटलं होतं."

चौदा पाहुणे, म्हणजे चौदा गाणी. टेरीसाने मनात गुणाकार केला. उत्तर रुमालाएवढं आलं.

सहावं गाणं झालं. एफीने कापडावर मधलं बोट आडवं ठेवत ठेवत मोजलं. "सहा, सात, आठ!" तिने भुवया उंचावल्या. "बरोबर आठ. केसाचाही फरक नाही."

"मग झालं!" टेरीसा जवळजवळ ओरडली. "पाहुण्यांसाठी हॉलचं जुनं कापड काढू या का?"

हॉलचं जुनं कापड पिढ्यान्‌पिढ्यांचं होतं. पूर्वजांच्या बरोबर जहाजातून आलं म्हणतात. हजारो गाणी खाऊन आता ते तसूभरही आटत नसे. शाळेच्या सहली आल्या की त्यांच्यासाठी ते काढायचे.

"जुनं?" रॉडीचा चेहरा पडला. "सोळा वर्षांनी नवं कापड बघतोय मी, टेरीसा. उष्टं ताट वाढणार होय आम्हाला?"

"कुणी नाही वाढत," एफी म्हणाली. "टेबलावर चढलेलं कापड सगळ्यांचं गाऊन झाल्याशिवाय उतरत नाही. आधी चहा घ्या."

कापड थंड पडू नये म्हणून मागच्या खोलीत, कोमट पाण्याच्या टबात नेऊन टाकलं. पाहुणे ओटची बिस्किटं आणि काकवीचा केक यांच्यावर तुटून पडले. टेरीसा किटली घेऊन मागच्या खोलीत गेली आणि आयुष्यात पहिल्यांदा नमुन्यांची अदलाबदल केली.

सोपं होतं. कोपऱ्यातल्या पेटीतून तिने हॉलचं जुनं कापड काढून टबात टाकलं. आपलं पिळून पेटीत ठेवलं, झाकण लावलं. दोन्ही करडी, दोन्ही कड्यासारखी शिवलेली. जुनं थोडं अरुंद होतं, म्हणून तिने टबात साबण जास्त ओतला. शेवटचं मोजमाप व्हायच्या आधी पुन्हा बदलायचं, बस. हात पुसून ती बाहेर आली तेव्हा तिचं मन हलकं झालं होतं.

चहानंतर कापड पुन्हा टेबलावर आलं, फेसात बुडालेलं. पहिला पाहुणा गाऊ लागला. धप, धप, धप, धप. कुणालाच काही कळलं नाही. टेरीसाला त्याचं थोडं नवल वाटलं. खरं तर जास्त वाटायला हवं होतं.

ती टेबलाशी बसली नाही. चहाच्या भांड्यापाशी उभी राहून तिने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा गाणी नुसती ऐकली, मोजली नाहीत. तिसऱ्या पाहुण्याने विचारलं, "माझं गाणं अठरा कडव्यांचं आहे. सात म्हटली तर चालतील?"

"छे छे, अठराही म्हणा!" टेरीसा म्हणाली.

"शाब्बास!" रॉडी गरजला. "याला म्हणतात दिलदार विणकरीण!"

"जोर लावा जरा!" पलीकडून लॉकीही ओरडला. "माशी हाकलताय का कापड ठोकताय?"

टेरीसाने त्याच्याकडे चमकून पाहिलं. तो हसला आणि त्याने तिला डोळा मारला. काही माहीत नसताना बिचारा उत्साह दाखवतोय, असं वाटून तिनेही त्याला डोळा मारला. एफी दोघांकडे चष्म्यावरून बघत होती.

तेरावा पाहुणा गायला लागला तशी टेरीसा किटली भरायच्या निमित्ताने मागे गेली. तिने पेटीचं झाकण उघडलं. आतलं ओलं कापड उचललं. त्याच्या काठाला निळ्या धाग्याचं रफू होतं.

तिच्या कापडाला कुठेही रफू नव्हतं.

तेवढ्यात लॉकी चवड्यांवर चालत आत आला आणि त्याने दार लोटलं. "घाबरू नकोस," तो कुजबुजला. चेहऱ्यावर पश्चात्ताप आणि अभिमान दोन्ही होते. "चूक माझी होती, मीच निस्तरली. चहाच्या वेळी आत येऊन कापड बदललं मी. तुझं पेटीत सुरक्षित आहे."

"लॉकी, माझं पेटीत मीच ठेवलं होतं."

"कधी?"

"तुझ्या आधी."

लॉकीने पेटीकडे पाहिलं, मग भिंतीकडे, जिच्या पलीकडे चौदा माणसं जीव खाऊन काहीतरी आपटत होती. "तरीच," तो म्हणाला, "पेटीतलं ओलं लागलं मला."

"ओलं लागलं आणि तुला काहीच वाटलं नाही?"

"मला वाटलं, छप्पर गळत असेल!"

दोघं बाहेर धावले. पण रॉडीने शेवटचं गाणं सुरू केलं होतं आणि सुरू झालेलं गाणं तोडता येत नाही. गाणं एका होडीचं होतं. बावीस कडवी. नवव्या कडव्यापर्यंत होडी बंदरातून सुटली नव्हती. तेराव्यात वादळ आलं. टेरीसाने मनोमन होडी बुडावी अशी प्रार्थना केली, पण खलाशी हुशार निघाले आणि सगळे सुखरूप घरी पोचेपर्यंत रॉडीने कापड सोडलं नाही.

मग एफीने बाही सावरली आणि मोजलं. "एक. दोन. तीन. चार. पाच." बोट हवेत राहिलं. "आणि चिमूटभर."

रॉडीने टोपी काढली. "देवा. हे काय केलं आम्ही?"

"तुम्ही काही नाही केलं," टेरीसा म्हणाली. आणि मग तिने सगळं सांगितलं. क्रमाने, वेळांसकट, काही न वगळता. लॉकीने स्वतःचा भाग स्वतः सांगितला. हॉलमध्ये कुणी बिस्किटसुद्धा चावत नव्हतं. "माझं घोंगडं गेलं. मागही गेला," ती म्हणाली. "आणि पाहुण्यांना मी फसवलं, ते वेगळंच."

"फसवायचा प्रयत्न केलास," एफी म्हणाली. "तेही धड जमलं नाही. ते जुनं आण इकडे."

लॉकीने जुनं कापड आणलं. एफीने ते टेरीसाच्या कापडाशेजारी पसरलं. जुन्याचा एक काठ तेलात सोडलेल्या पापडासारखा वळला होता. टेरीसाचे दोन्ही काठ, वीस गाण्यांचा मार खाऊनही, पट्टीने आखल्यासारखे सरळ होते.

"बघा," एफी म्हणाली. "वाईट विणलं असेल ना, तर कापड दहाव्या गाण्याला तोंड वाकडं करतं. कुठे धागा घट्ट, कुठे सैल, सगळं बाहेर येतं. हे पोर मात्र सगळीकडे सारखंच आटलंय. एवढं सरळ माझंही कधी आलं नाही."

"पण आठ बोटं..."

"आकडा दिल्याशिवाय तुला झोप लागत नाही, म्हणून दिला आकडा. तो चहाआधीच जमला होता. मीच मोजला ना? पुढचं सगळं पाहुणचारात गेलं."

टेरीसा मटकन खुर्चीत बसली. लॉकीने तिच्या हातात चहा दिला. तो तिने साखर न ढवळताच पिऊन टाकला.

"आणि हे वाकडं," रॉडीने जुन्या कापडावर हात फिरवला, "पूर्वजांचं आहे म्हणून तसं असेल."

"कसले पूर्वज? माझं आहे ते," एफी म्हणाली.

चौदा पाहुणे आणि बारा गाववाले तिच्याकडे बघत राहिले.

"लग्नासाठी विणलेलं. माझं पहिलं. ठोकायला बसलो आणि सासरचे दोन होड्या भरून आले. नाही कसं म्हणणार? संध्याकाळपर्यंत असं झालं. जन्मभर आमच्या ह्यांचे पाय पांघरुणाबाहेर. मग हॉलला देऊन टाकलं. पुढे एका पाद्रीबाबांनी प्रवचनात सांगितलं की जहाजातून आलंय. आता प्रवचनात मध्येच उठून कसं बोलायचं?"

सगळ्यात आधी हसला तो रॉडी, आणि मग खिडक्यांच्या काचा हलल्या.

सोमवारी ट्रक आला. एफीने संग्रहालयाच्या माणसाला सांगितलं की माग गावातच राहणार, हवं तर हॉलचं जुनं कापड घेऊन जा. आता हॉलला नवं मिळालंय. जुनं आपण स्वतः एकोणसाठ सालच्या हिवाळ्यात विणलं, हेही तिने त्याला दोनदा स्पष्ट सांगितलं. म्हातारीला वाईट वाटू नये म्हणून तो समजुतीने हसला आणि चिठ्ठीवर त्याने लिहिलं : अंदाजे १८३०.

माग टेरीसाच्या दारातून आत गेला. दार तिने तीन वेळा मोजून ठेवलं होतं. लॉकीने शेवटचा खिळा ठोकला, तोही तालात. मग टेरीसाने वही उघडली आणि निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं : पाच बोटं आणि चिमूटभर. उत्तीर्ण.

खाली एक ओळ होती : चुकीचं कारण. तिने लिहिलं, 'नवरा'. थोडा विचार केला. ते खोडलं आणि नीट अक्षरात लिहिलं, 'नवरा व बायको, समप्रमाणात'.