फाटकात मान टाकणारी सुपरमोटो

"लोक चष्म्यातून बघतात. मी चष्म्यामागचा माणूस बघतो," भावोजी म्हणाले. "पोलीस गाडीचा नंबर काढतात, मी माणसाचा काढतो. आणि तोही दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा! समोरचा भिंतीवरची अक्षरं वाचेपर्यंत मी त्याचा अख्खा इतिहास वाचून मोकळा झालेला असतो. अशा माणसापुढे ही मोटरसायकल किती वेळ तोंड बंद ठेवणार?"

तोंड बंद ठेवणं हाच तर मोटरसायकलचा आजार होता.

भावोजींचं चष्म्याचं दुकान होतं आणि दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते गुप्तहेर होत. म्हणजे दिवसातला बराच वेळ ते गुप्तहेरच असत. शेजाऱ्यांचं हरवलेलं मांजर हे त्यांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण. त्यांनी गच्चीवर पहारा बसवला आणि मांजर दुसऱ्या दिवशी आपण होऊन जिन्याने वर आलं. "दबाव वाढला की गुन्हेगार शरण येतो," असं तेव्हा भावोजींनी जाहीर केलं होतं.

गच्चीवरचा पहारा म्हणजे त्यांचा मेहुणा. बांधकामाचे नकाशे काढायची नोकरी करणारा हा सरळमार्गी माणूस ताईच्या, म्हणजे भावोजींच्या बायकोच्या, खालच्याच मजल्यावर राहायचा. गुप्तहेराचा मदतनीस व्हायचं त्याच्या कधी मनातही नव्हतं. बहिणीच्या लग्नात ते पद आपोआप त्याच्या गळ्यात पडलं होतं.

या वेळी मात्र फिर्यादीही तोच होता. आयुष्यभर गुणी मुलासारखं वागून झाल्यावर त्याने एक वापरलेली सुपरमोटो विकत घेतली होती. चिखलात उड्या मारणाऱ्या उंच, काटकुळ्या मोटरसायकलला डांबरी रस्त्याचे रुंद टायर घातले की ती सुपरमोटो होते. तिच्यावर बसायला टांग कुठून टाकावी हेच आधी शिकावं लागतं. रविवारी गावाबाहेरच्या मैदानात असल्या गाड्यांचे शौकीन शंकू मांडून त्यांच्यातून गाड्या नागमोडी काढत आणि मेहुणा इतकी वर्षं कुंपणाबाहेरून ते बघत आला होता. या रविवारी तो कुंपणाच्या आत जाणार होता.

पण गाडी सरळ रस्त्यावर वाऱ्यासारखी पळायची आणि इमारतीच्या अरुंद फाटकात वळताना गपकन बंद पडायची. नेमकी सगळ्या बाल्कन्यांच्या समोर! मेहुणा घाईघाईने किल्ली मागेपुढे फिरवी, बटण दाबी आणि गाडी जणू काही झालंच नाही अशी पुन्हा सुरू होई.

"गाडी सरळ असताना सरळ असते आणि वळताना वाकड्यात शिरते," भावोजी भिंगातून टाकीकडे बघत म्हणाले. "म्हणजे पेट्रोलमध्ये साखर!"

"साखर असती तर ती सरळही चालली नसती, भावोजी."

भावोजींनी टाकीत बोट बुडवून चाखलं. मग तोंड वाकडं करून ते थुंकत सुटले. ताईने वरून पाण्याचा तांब्या पाठवला.

दुसरा सिद्धान्त चक्करेचा निघाला. एवढ्या उंच गाडीला वळताना भोवळ येणं स्वाभाविक आहे, म्हणून भावोजींनी मागचं सस्पेन्शन पिळून दगडासारखं केलं. तिसरा आळसाचा. गाडी वळणावर डुलकी काढते, तर तिला जागं ठेवलं पाहिजे. त्यांनी उभ्या गाडीचं इंजिन किती जोरात चालावं ते ठरवणारा स्लोचा स्क्रू इतका फिरवला की गाडी उभ्या उभ्या किंचाळायला लागली. वर चेन सैल वाटली म्हणून तारेसारखी ताणून ठेवली. आता गाडी फाटकात येईपर्यंत ओरडायची, खड्ड्याखड्ड्याला मेहुण्याला हवेत उडवायची आणि फाटकात पूर्वीसारखीच मान टाकायची.

"प्रगती आहे," भावोजी म्हणाले.

"कसली?"

"गुन्हेगार चिडलाय."

चिडला होता तो मेहुणा. पण ज्या माणसाच्या घरी आपण रोज जेवतो त्याला "हात लावू नका" कसं म्हणायचं, हे त्याला उमगत नव्हतं. तेवढ्यात भावोजी चौथ्या सिद्धान्ताकडे वळले. गाडी विकणारी बाई दातांची डॉक्टर होती, एवढं त्यांना पुरेसं होतं.

"बाई, आमच्यावर तुमचा दात का आहे?" भावोजींनी दवाखान्याच्या दारातूनच विचारलं. खुर्चीत आ वासून पडलेल्या पेशंटने डोळे गरागरा फिरवले.

"कुठला? वरचा की खालचा?" डॉक्टरीणबाई मास्कमागून म्हणाल्या.

"मागच्या चाकाच्या चेनच्या चक्राचे दात तुम्ही बदललेत, हे खरं की नाही?"

"खरं. जास्त दातांचं चक्र घातलंय. गाडी झटकन उचलते."

"कबुली!" भावोजी पेशंटलाच साक्षीदार करत म्हणाले. "बंद पडणारी गाडी तुम्ही फसवून आमच्या गळ्यात मारलीत!"

मेहुणा कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीतले मासे बघत होता. आपण काहीतरी बोललं पाहिजे, हे त्याला कळत होतं. मासेसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त तोंड उघडत होते.

डॉक्टरीणबाईंनी मास्क खाली घेतला. "गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून विकली ती गाडी. विकताना दोन दिवस जेवण गेलं नव्हतं मला. फसवणूक म्हणताय ना? मग व्यवहार मोडला. संध्याकाळी येऊन घेऊन जाते."

ठरल्याप्रमाणे त्या आल्या, त्यांच्याजवळ राहून गेलेली जादा किल्ली घेऊन. गाडी सुरू केली आणि त्यांचा चेहराच उतरला.

"हिला इतकं ओरडायला कुणी लावलं? आणि ही चेन?"

मेहुण्याने आणि सगळ्या बाल्कन्यांनी भावोजींकडे बघितलं.

"तपासाच्या ओघात..." भावोजी म्हणाले.

बाईंनी पाना मागितला. दुसऱ्या कुणी बिघडवून ठेवलेली दाढ दुरुस्त करावी तशा चेहऱ्याने त्यांनी चेन सैल केली, स्क्रू फिरवला, सस्पेन्शन मऊ केलं. मग गाडी फाटकातून बाहेर काढली, वळवून आत आणली, पुन्हा बाहेर नेली. गाडी एकदाही बंद पडली नाही.

"उघड आहे," भावोजी म्हणाले. "गाडी मालकिणीला ओळखते."

मेहुण्याने स्वतःची किल्ली लावली, फाटकात हँडल पूर्ण वळवलं आणि गाडी बंद. बाल्कनीतून कुणीतरी खुदकन हसलं.

तेवढ्यात ताई कामावरून आली. "अरे, माझी किल्ली घरात राहिली. तुझ्याकडची दे," म्हणत तिने वाकून गाडीला लटकणारा जुडगा ओढला. तो निघेना. "हा कशात अडकवून ठेवलायस? वायरींत गुंतलाय बघ सगळा."

बाई खाली वाकल्या. जुडग्यात मेहुण्याच्या घराची किल्ली होती, ताईच्या घराची होती, ऑफिसची होती, कधीच विकून टाकलेल्या सायकलच्या कुलपाची होती. शिवाय गाडी घेतल्याच्या आनंदात भावोजींनी भेट दिलेलं मुठीएवढं पितळी भिंग होतं. हँडल पूर्ण वळलं की हा सगळा पसारा वायरींत अडकायचा आणि किल्ली ओढली जाऊन 'बंद'कडे फिरायची. बाईंच्या जादा किल्लीला काहीच लटकत नव्हतं. मेहुणा घाबरून ती पुन्हा फिरवायचा, म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मी म्हटलंच होतं, या प्रकरणाची किल्ली घरातच आहे," भावोजी म्हणाले.

"कधी म्हटलंत?" ताईने विचारलं.

"मनात."

कुणी हसलं नाही. बाई गाडीच्या टाकीवरून हात फिरवत होत्या. "चांगली आहे म्हणजे अजून," त्या हळूच म्हणाल्या. "पण व्यवहार तर मोडलाय. मी घेऊन जाते हिला."

मेहुणा गाडीच्या आडवा आला. "मला परत द्यायची नव्हती," तो म्हणाला. "तुम्हाला खोटं ठरवलं जात होतं आणि मी मासे बघत उभा राहिलो. चुकलं माझं." मग तो आयुष्यात पहिल्यांदाच भावोजींकडे नजर रोखून बघत म्हणाला, "तुमचंही चुकलं. माफी मागा."

"तपासात संशय घ्यावाच लागतो—"

"अहो," ताई म्हणाली. एवढंच म्हणाली.

"चूक झालेली दिसते," भावोजी चष्मा पुसत म्हणाले.

"कुणाची?"

"माझी. माफ करा, बाई."

बाईंनी जादा किल्ली मेहुण्याच्या हातात ठेवली. "गाडी तुमची. पण हे हिच्यापासून लांब राहतील."

"किती लांब?" भावोजींनी दुखावलेल्या आवाजात विचारलं.

"चष्मा लावूनसुद्धा ती तुम्हाला दिसणार नाही, इतके."

रविवारी मैदानावर डॉक्टरीणबाई खुर्ची टाकून बसल्या होत्या. मेहुणा कुंपणाच्या आत गेला. पहिला शंकू, दुसरा, मग हँडल पार टोकापर्यंत नेणारं वळण. गाडी गुरगुरत राहिली. त्याला इतका आनंद झाला की पुढच्या वळणावर वेग कमी करायचा असतो हेच तो विसरला आणि शंकूसकट गवतात जाऊन पडला.

बाई लंगडत धावत आल्या. "लागलं का? कसे पडलात?"

मेहुणा कोपर चोळत उठून बसला. आजूबाजूला भिंग घेतलेलं कुणीच नव्हतं.

"जोरात होतो, म्हणून पडलो," तो म्हणाला आणि गाडी उचलायला लागला.