साळवे मॅडमची पिवळी रेघ

तुमच्या मोटरसायकलच्या मागच्या चाकाचा नट शेवटचा कोणी आवळला होता, हे तुम्हाला सांगता येईल का?

नाही ना? मलाही आलं नव्हतं. नोकरीच्या मुलाखतीत साळवे मॅडमनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. इंजिनिअरिंगची सगळी सूत्रं घोकून, इस्त्रीचा शर्ट सांभाळत मी मिरजगावहून नगरला आलो होतो, आणि समोरची बाई नटाची वंशावळ विचारत होती.

"गॅरेजवाल्याने आवळला असेल," मी म्हणालो.

"तू पाहिलंस?"

"नाही."

"म्हणजे मिरजगावहून इथपर्यंत तू नुसत्या श्रद्धेवर आलास."

"नाही मॅडम, आज एसटीने आलो."

"मग तर फारच मोठी श्रद्धा," असं म्हणून त्यांनी मला नोकरीवर घेतलं. ट्रेनी म्हणून. कायम करायचं की नाही, ते नंतर ठरणार होतं.

एमआयडीसीतला आमचा कारखाना ट्रॅक्टरला ट्रॉली जोडायचे हुक बनवतो. एक जाड पत्रा, त्यावर हुक, आणि दोघांना धरून ठेवणारे सहा बोल्ट. साळवे मॅडम तिथे क्वालिटी आणि रिलायबिलिटीच्या प्रमुख. बारीक चण, कडक सुती साडी, पायात सेफ्टी शूज. आणि इतर बायका जिथे गजरा माळतात, तिथे अंबाड्यात खोचलेला पिवळ्या रंगाचा जाड मार्कर.

त्या मार्करचं काम असं. नट पुरता आवळून झाला की नटावरून खालच्या पत्र्यापर्यंत एक सलग पिवळी रेघ मारायची. नट सैल होऊन फिरला की रेघ तुटते. अर्धी नटाबरोबर फिरते, अर्धी पत्र्यावर राहते. लांबूनही दिसतं. ही पद्धत पुष्कळ कारखान्यांत आहे. मॅडमनी ती गेटच्या बाहेर नेली, एवढंच.

कँटीनच्या पंख्याला पिवळी रेघ. बागेतल्या घसरगुंडीला पिवळी रेघ. दवाखान्यात नंबर लावून बसल्या, तर उठताना बाकाला पिवळी रेघ. चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेशाच्या भरात समोरच्या लाकडी पुलपिटावर हात आपटतात, म्हणून पुलपिटालाही. पाळकसाहेब म्हणाले, "बाई, आपण सगळे प्रभूच्या हातात आहोत." मॅडम म्हणाल्या, "आपण आहोत. पुलपिट चार स्क्रूंच्या हातात आहे."

त्यांचं एक पालुपद होतं: "आणि नाही टिकलं तर?" वेळ, प्रसंग, माणूस काहीही असो. आमच्या अकाउंट्समधल्या मुलीच्या साखरपुड्यात सगळे "जोडा कसा शोभतोय" म्हणत होते. मॅडमची नजर जोड्यावर नव्हतीच, ती डोक्यावरच्या लोखंडी कमानीवर होती. सगळे क्षणभर गप्प झाले, नेमक्या तेव्हा त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या, "आणि नाही टिकलं तर?" मुलीचे मामा बाह्या सारत उठले. मॅडम तोवर कमानीच्या बुडाशी बसून नट हलवून बघत होत्या. पुढे लग्नाची पत्रिका आम्हा सगळ्यांना आली. मॅडमना आली नाही.

मला शिकवताना त्या म्हणायच्या, "सुद्रिक, वस्तू आज चांगली आहे का, हे बघणं म्हणजे क्वालिटी. तू तिथे नसताना ती चांगली राहील का, याची काळजी म्हणजे रिलायबिलिटी. पहिल्या कामाला मोजपट्टी पुरते. दुसऱ्यापायी झोप कमी होते."

माझी झोप कमी होत गेली. हुक मशीनला लावायचा, तो मोडेपर्यंत खेचायचा, कुठे मोडला ते बघायचं, हे माझं काम. आई फोनवर विचारायची, "तू तिथं नेमकं करतो तरी काय?"

"हुक मोडून बघतो."

"मोडायचा पगार देत्यात? मंग तुझ्या बापालाबी घिऊन जा की. हितं फुकटात मोडतोय समदं."

आईला हसू यायचं, मला येत नव्हतं. माझी छबूमावशी दर हंगामाला आमच्याकडून कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला जाते. ट्रॉलीत गोधड्या, भांडी, कोंबड्या, वर नात मांडीवर घेऊन मावशी. ट्रॅक्टर आणि त्या ट्रॉलीच्या मध्ये असतो एक हुक. कारखान्यात येण्याआधी मी ती ट्रॉली शंभरदा पाहिली होती, हुक एकदाही पाहिला नव्हता. आता मला हुकाशिवाय काही दिसेना.

दसरा जवळ आला. ऊसवाल्यांची मागणी एकदम वाढली, आणि नेमकी तेव्हाच नट आवळायची हवेवरची गन बंद पडली. हाताने आवळायला वेळ लागतो. उत्पादनाचे प्रमुख पठारे साहेब सकाळपासून सांगत फिरत होते, "माल आज कोपरगावला निघालाच पाहिजे." ट्रक गेटवर उभा होता. दुपारी मॅडम मला घेऊन तयार मालापाशी गेल्या. हुकांची रांग, प्रत्येक बोल्टवर ताजी पिवळी रेघ.

"काय दिसतं?"

"सगळ्यांवर रेघा आहेत, मॅडम."

"कशा आहेत?"

"सुंदर आहेत."

"तीच तक्रार आहे," त्या म्हणाल्या. "पाना ओढून दमलेला हात इतकी देखणी रेघ मारत नाही. नीट बघ. या बोल्टवरचा रंग पत्र्यावरून पुढच्या बोल्टपर्यंत ओढत गेलाय. सहा बोल्ट, एकच फटकारा. मध्ये कोणी पाना हातात घेतलेलाच नाही."

त्यांनी दोन बोटांनी नट धरला आणि फिरवला. तो फिरला. रेघ तुटली.

मॅडमचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आपल्याच अक्षरात कोणी खोटी सही केलेली पाहावी, तसा झाला होता. जगात आधार म्हणून त्यांनी एक रेघ धरली होती, आणि आम्ही तिलाच खोटं बोलायला शिकवलं होतं.

पठारे साहेब आले. "मॅडम, गन बंद आहे. पोरांनी हाताने बसवलेत नट. तिकडे ट्रॉलीला लावताना लोक आवळतातच."

"आणि नाही आवळले तर?"

"तुम्हाला प्रत्येक गोष्टीत मुडदाच दिसतो."

"प्रत्येक गोष्टीत नाही. नट सैल असेल तिथे."

आपल्याकडे काळजी करणाऱ्याला घाबरट म्हणतात आणि बेफिकीर माणसाला धडाडीचा म्हणून हार घालतात. पठारे साहेबांचे हार ऑफिसात भिंतीवर टांगलेले आहेत. त्यांनी मॅडमशी वाद थांबवला आणि 'ओके'च्या हिरव्या स्टिकरांचं रीळ माझ्या हातात दिलं.

"सुद्रिक, तू लाव. या महिन्यात तुझं कायम व्हायचं बघायचंय ना? निवृत्तीनंतर मॅडमना वाढवून दिलेली मुदतही याच महिन्यात संपते. सगळं माझ्याच टेबलावर येणार आहे."

मी मॅडमकडे पाहिलं. हुक मशीनला लावून ताण वाढवत नेताना त्या अशाच उभ्या राहायच्या. हात मागे, नजर हुकावर. आता नजर माझ्यावर होती.

हिरवं रीळ घामाने ओलं झालं. आईला पहिल्या कायम पगाराची साडी कबूल केली होती. आणि मावशी परवा निघणार होती, गोधड्यांच्या ढिगावर, नात मांडीवर घेऊन. तिच्या ट्रॅक्टरला कोणाचा हुक असेल ते मला माहीत नव्हतं. कोणाच्या तरी मावशीच्या ट्रॅक्टरला हाच असणार होता. मोठं भाषण करावं असं वाटत होतं. घशातून निघालं ते एवढंच, तेही चिरकं:

"साहेब, आणि नाही टिकलं तर?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग ज्याने सकाळी त्या रेघा ओढल्या होत्या, तो नवनाथ पुढे आला आणि त्याने माझ्या मागच्या बाकावरचा पाना उचलला. "सरका," तो म्हणाला. "आमचा भाऊबी तोडीलाच हाय. सकाळी सांगितलं तसं केलं. आता आवळतो."

पठारे साहेब ऑफिसात गेले. दार धाडकन आपटलं. मॅडम म्हणाल्या, "त्या बिजागरीकडे बघायला हवं."

सगळे बोल्ट सोडले, पुसले, पुन्हा आवळले. बोल्टागणिक एक वाकडी, थकलेली, खरी रेघ. ट्रक दुसऱ्या दिवशी गेला.

महिनाअखेरीस मॅडमना मुदत वाढवून मिळाली नाही. मला काढलं नाही, कायमही केलं नाही. "अजून बघू" म्हणाले. ते अजून बघतायत. निरोपाच्या वेळी आम्ही मॅडमना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी ते उलटं करून टांगायची कडी ओढून पाहिली आणि म्हणाल्या, "टिकेल." हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही पहिल्यांदाच ऐकला. दोघाजणांना तर हुंदका आला.

आणि मग आम्ही त्यांना विसरलो. खोटं कशाला बोलू? कारखान्यात माणूस असंच विसरलं जातं.

मग एकदा सुट्टी झाल्यावर गाडीच्या स्टँडमध्ये माझी किल्ली खाली पडली. उचलायला वाकलो, तर माझ्या मागच्या चाकाच्या नटावर पिवळी रेघ. तिच्याखाली जुन्या रेघांचे थरावर थर. शेजारच्या गाडीला पाहिलं. तिलाही. तिच्या पलीकडच्या गाडीलाही. सगळ्या रांगेला.

गेटवरच्या चाचांना विचारलं. ते म्हणाले, "तुमाला ठावं न्हाई व्हय? जेवनाच्या सुट्टीत मॅडम हितंच असायच्या, पाना घिऊन. रोज थोड्या थोड्या गाड्या बघायच्या, मंग कोपऱ्यात उभ्यानं डबा खायच्या. मला म्हनल्या, पोरांना सांगू नका चाचा, सांगितलं की ती सोताहून बघायची बंद व्हतील."

आणि आम्ही कँटीनमध्ये बसून म्हणत होतो, बाई शिष्ट आहे, चार माणसांत बसून जेवत नाही.

मी पुन्हा वाकलो. माझ्या नटावरची रेघ तुटली होती. फार नाही, केसभर. मॅडम जाऊन इतके दिवस झाले होते की एक नट फिरायला लागला होता. नट आवळला आणि तसाच सावेडीला त्यांच्या घरी गेलो.

दार उघडून त्यांनी आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आवळलास?"

"हो."

"रेघ?"

"मार्कर नव्हता."

त्यांनी अंबाड्यातून मार्कर काढला, फाटकापाशी उकिडवं बसून रेघ मारली आणि म्हणाल्या, "आता आत ये. मावशी पोचली का रे कोपरगावला?"

मावशीबद्दल मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, ट्रेनिंगच्या पहिल्या आठवड्यात. "पोचली, मॅडम. सुखरूप."

"बरं झालं. मी रोज विचार करत होते, कोणाला विचारावं."

खोलीत दोन खुर्च्या होत्या. एकीची बैठक खोलगट झालेली, दुसरी नव्यासारखी. मी नव्या खुर्चीत बसणार, तोच त्यांनी हात आडवा केला. आधी स्वतः तिच्यात बसल्या, डावी-उजवीकडे झुकल्या, उठल्या. "आता बस."

"नवीन आहे का?"

"जुनीच आहे. पाहुण्यांची. पण वापरात नसलेल्या खुर्चीचे सांधे आधी सुटतात. म्हणून रविवारी चर्चमधून आले की चहा घेऊन मीच हिच्यावर बसते. तेवढा वेळ मी पाहुणी."

मला हसू आलं. त्याही हसल्या.

"आणि समोरच्या खुर्चीत कोण असतं?"

"ती रिकामीच. पाहुणे आले की घरची बाई आत स्वयंपाकघरातच असते ना."

असं म्हणून त्या चहा टाकायला आत गेल्या. मी त्या घट्ट, न कुरकुरणाऱ्या खुर्चीत बसून राहिलो. भिंतीवर आमचं घड्याळ होतं. त्याच्या खिळ्याला पिवळी रेघ होती.

तर वाचकहो, हे वाचून झालं की आधी खाली जाऊन तुमच्या गाडीचा नट हाताने बघा. आणि मग आठवून पाहा: तुमच्या ओळखीत असं एखादं काळजीखोर माणूस असेलच, ज्याच्या प्रश्नांना तुम्ही हसता, ज्याला पत्रिका पाठवायचं टाळता आणि ज्याच्यामुळे तुमचं काही मोडलेलं नाही. या रविवारी त्याच्या घरी जा. ते खुर्ची पुढे करील. बसा.

जरा जोरातच बसा.