शून्य जंतांची नदी

प्रियाने चाळिसाव्या शेवटा माशाचं पोट फाडलं, आतडं भिंगाखाली पसरलं आणि म्हणाली, "दत्तप्रसाद, यातही काही नाही."

"कल्ल्यांत बघ."

"कल्ल्यांत खाणीचा लाल चिखल. जंत एकही नाही."

दोघं एम.एस्सी.ला होती. प्रबंधाचा विषय, माशांच्या पोटातले जंत आणि नदीची तब्येत. गोव्याला राज्य होऊन दीड वर्ष झालं होतं, पण कॉलेजात मासे ठेवायला फ्रीज आला नव्हता. म्हणून डिचोली तालुक्यातल्या ज्या गावात मासे घेत, तिथल्याच पंचायतीच्या पडवीत दोघं ते फाडत बसत. जागा देताना सरपंच गुरुदासबाबांनी एक अट घातली होती. "जे निघेल ते पंचायतीच्या फळ्यावर लिहायचं. गावच्या नदीचं गावाला आधी कळायला हवं."

दत्तप्रसादने प्रामाणिकपणे लिहिलं. खाणीच्या वरचा घाट: मासे चाळीस, जंत एकशे बारा. खाणीच्या खालचा घाट: मासे चाळीस, जंत शून्य. निष्कर्ष लिहिणार एवढ्यात पाचच्या बसचा हॉर्न वाजला. "तो उद्या लिहू," म्हणत दोघं धावली.

निष्कर्षासाठी गाव उद्यापर्यंत थांबत नाही.

सकाळी पडवीत चंद्रभागा उभी होती. वरच्या घाटावर जाळं टाकून गावात मासे विकणारी बाई. नवरा नव्हता, घरात खाणारी चार तोंडं. तिने भरलेली पाटी धाडकन प्रियापुढे आपटली. "आज एक मासो विकूंक ना! लोक म्हणतत, चंद्रभागेच्या माशांनी जंत. माझ्याकडसून मासे घेतलंत आनी माझ्याच पोटार पाय?"

"मावशी, ते जंत शिजवल्यावर मरतात. माणसाला काही होत नाही. उलट जंत आहेत म्हणजे नदी जिवंत आहे. जंत आधी गोगलगायीत वाढतो, मग माशात जातो. खाली खाणीच्या चिखलाने गोगलगायीच मेल्या, मग जंत कुठून येणार?"

"ही गजाल माका नको सांगू गो बाय. गिऱ्हाइकाक सांग."

म्हणून रविवारी प्रिया ग्रामसभेत उभी राहिली. शून्य म्हणजेच आजार, असं तिने दोनदा समजावलं. गुरुदासबाबांचे दोन ट्रक खाणीवर होते. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे बाय, ज्याच्या पोटात जंत तो निरोगी?"

"मासा, माणूस नव्हे."

"गेल्या महिन्यात नातवाचे जंत पाडले आम्ही. आता ते परत घालूया?"

सभा खदखदून हसली. जिथे सभा हसली तिथे शास्त्र संपलं. वरच्या घाटाची मासळी विकायला बंदी, खालच्या घाटाची मासळी शुद्ध, असा ठराव पाच मिनिटांत झाला. पुढचे दोन तास नोटीस मराठीत लावायची की कोकणीत यावर गेले. बाह्या वर गेल्या, एकमेकांचे आजे-पणजे निघाले. शेवटी ती इंग्रजीत टाइप झाली. कोणालाच वाचता येईना, त्यामुळे दोन्ही बाजूंचं समाधान झालं. नदीचं नाव मात्र त्या दोन तासांत कोणी घेतलं नाही.

कॉलेजात त्यांचे सर म्हणाले, "खाणवाले आपल्याला फ्रीज देताहेत. प्रबंध होईपर्यंत तोंड बंद ठेवा." शास्त्राची किंमत एक फ्रीज, तोही लहान.

आता सगळ्यांना खालचीच मासळी हवी झाली. पण खाली मासे होते कुठे? ते चाळीस गोळा करायला दोघांना तीन आठवडे लागले होते. हे ठरावात नव्हतं, पण चंद्रभागेला ठाऊक होतं. ती पहाटे वरच्या घाटावर जाळं ओढायची, पाटी डोक्यावर घेऊन काजूच्या डोंगराआडून उतरायची आणि खालच्या घाटावर फतकल मारून बसायची. नऊ वाजेपर्यंत पाटी रिकामी. "शुद्ध मासळीची चवच वेगळी," असं लोक एकमेकांना सांगू लागले.

महिन्याभराने गुरुदासबाबांनी निरोप धाडला. नदी शुद्ध असल्याचा कागद खाणीला हवा होता. खालच्या घाटावरचे ताजे मासे सगळ्या गावासमोर फाडून दाखवायचे.

पडवीत खुर्च्या मांडल्या. खाणीचे साहेब पुढे बसले. प्रियाने पहिला मासा फाडला. जंत वळवळला. दुसऱ्यात तीन. विसाव्या माशापर्यंत एकसष्ट झाले. कल्ले गुलाबी, चिखलाचा कण नाही. प्रियाने मान वर केली. गर्दीच्या मागे चंद्रभागा पदराचं टोक दातांत धरून उभी होती.

दत्तप्रसाद कुजबुजला, "हे वरचे मासे. सांगूया?"

"सांगितलं तर मावशी संपली. नाही सांगितलं तर नदी."

खाणीच्या साहेबांचा चेहरा पडला. पण गुरुदासबाब पाच निवडणुका जिंकलेला माणूस. ते ताडकन उठले.

"जंत सापडले! बघा! याच शिकलेल्या पोरांनी भर सभेत सांगितलं होतं, जंत म्हणजे नदी जिवंत! खाणीने नदी मारली म्हणणारे खंय गेले आता?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. साहेबांनी सर्वांत मोठ्याने वाजवल्या.

"पण हे मासे..." प्रिया बोलू लागली. चंद्रभागेने पदर दातांतून काढला आणि हात जोडले. प्रियाने वाक्य गिळलं. ते आयुष्यभर तिला पचलं नाही.

बंदी उठली. फळ्यावर नवा मजकूर आला: जंत हेच निरोगी मासळीचं लक्षण. चंद्रभागा आपल्या जुन्या जागी परतली.

दुसऱ्याच सकाळी सरपंचांची बायको पद्मावती तिच्यापुढे वाकली. एकेका शेवट्याचं पोट दाबून बघू लागली.

"चंद्रभागे, यात जंत आसत ना गो? पाहुणे येतले. उगीच हलकी मासळी नको."

"वयनीबाय, एकेकात तीन-चार तरी आसतले," चंद्रभागा मासे पानात बांधत म्हणाली. "उणे निघाले तर परत घेवन ये."