शुचिता हाइट्समधील कालवांची नेमणूक

आपण घाण करावी आणि ती दुसऱ्या कुणीतरी निमूटपणे गिळावी, या व्यवस्थेला संस्कृती म्हणतात. चिखलोलीतील आमची शुचिता हाइट्स (फ्लॅट शहाण्णव, पैकी गार्डन-फेसिंग चौऱ्याण्णव, गार्डन व्हायचे आहे) या बाबतीत फारच सुसंस्कृत.

सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट आमच्याकडे आहे. त्याच्या मोटारीमुळे अध्यक्ष हेमचंद्र साहेबांच्या वामकुक्षीत व्यत्यय येई, म्हणून गेली दोन वर्षे तोच वामकुक्षी घेतो आणि पाणी थेट मागच्या नाल्यात जाते. वास सुटल्यावर समितीने तातडीने कारण शोधले: गेटवर खाडीच्या शिंपल्यांतली कालवे विकणारी वेणू. तिला उठवण्यात आले. (वास राहिला, पण कारवाई झाली.)

पुढे साहेबांनी पर्यावरणाचा वेबिनार पाहिला. एक कालव दिवसाला शंभरेक लिटर पाणी गाळते. वीज नको, सुट्टी नको, युनियन नाही. समुद्री शेवाळही पाण्यातली घाण शोषते म्हणे. पण आमच्या गच्चीवरच्या टाकीत शेवाळ आधीच असल्याने तो विषय बारगळला.

मग वेणूला मानाने बोलावले. तिने हजार कालवे नाल्यात सोडायची. बदल्यात गेटवरची जागा कायम. तिचे घर त्या जागेवर चालायचे.

नाला बघून ती म्हणाली, "साहेब, कालवां खारे पान्यावर जगतान. हितं मरतीन. आदी तुमचा पाइप बंद करा ना."

"बाई, वेबिनार मी पाहिलाय," साहेब म्हणाले.

वेणूने जागेचा विचार केला आणि कालवे आणली.

कार्य-अहवाल असा. पहिला दिवस: सर्व कालवांनी शिंपले मिटले (एकाग्रता). दुसरा दिवस: हालचाल नाही (शिस्त). तिसऱ्या दिवशी सगळे शिंपले एकदम उघडले, तेव्हा समितीने पेढे वाटले. (मेलेले कालव उघडते, हा भाग वेबिनारमध्ये नव्हता.)

चौथ्या दिवशी वास सहाव्या मजल्यावर पोचला. वेणू जागेचे विचारायला आली, तेव्हा सभा सुरूच होती. वासाला कालवे आणि कालवांना वेणू जबाबदार असल्याने तिची जागा कायमची रद्द, असा ठराव एकमताने मंजूर झाला. पाइपचा विषय वेळेअभावी राहिला.

सभेला हजर पाच जण होते. सह्या शहाण्णव आहेत. संध्याकाळी वॉचमन वही घेऊन दारोदार फिरला होता. तुमच्या दारीही आला असेल. ठराव कसला, हे तुम्ही विचारले नाहीत. गॅसवर दूध होते. तुम्ही एवढेच विचारलेत, "सही कुठे करू?"