हाताले विचारा

आमच्या शेजारचे हरिभाऊ कापगते कामावरून घरी आले, हे आम्हाला त्यांच्या आवाजावरून कधी कळलं नाही. फळीवरच्या झाकणांवरून कळायचं. दार उघडून आत शिरले की ते उजवा पाय उचलून दोनदा असा आपटायचे, की मधल्या भिंतीपलीकडे आमच्या स्वयंपाकघरात पितळी झाकणं किणकिणायची आणि माझी बायको सुमन म्हणायची, "आले तुमचे कापगते. चहा टाकू का?"

पाय कशाला आपटता, असं मी एकदा विचारलं. "प्लांटची धूळ झटकून राहिलो जी," ते म्हणाले. धूळ होती, नाही कोण म्हणतो. तेव्हा भिलाईचा कारखाना अजून वाढतच होता आणि सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा सदरा संध्याकाळी विटकरी होऊन घरात यायचा. पण धूळ झटकायची तर माणूस उंबऱ्याबाहेर झटकेल. हे उंबरा ओलांडून आत झटकायचे. मी तसं सुचवलं, तेव्हा "बराबर आहे तुमचं," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आतच पाय आपटला.

दुसरी गोष्ट फळ्यांची. प्लांटने आम्हाला क्वार्टर दिले ते गुळगुळीत सिमेंटच्या जमिनीचे. शेणाने सारवलेल्या घरांतून आलेल्या आम्हा लोकांना त्या जमिनीचं इतकं अप्रूप, की सुरुवातीला सुमन तिच्यावर पाय ठेवताना ओशाळायची. कापगत्यांनी त्या जमिनीवर लाकडी फळ्या अंथरल्या. रशियातून यंत्रं ज्या आडमाप खोक्यांतून यायची, त्या खोक्यांच्या फळ्या. पुढची खोली, मागची खोली, स्वयंपाकघर, कुठेही सिमेंट दिसायला नको. फळ्यांवरची काळी रशियन अक्षरंही तशीच ठेवली होती, त्यामुळे पाहुणा बसायचा तो कुठल्यातरी यंत्राच्या नावावर.

"हे कावून हो केलं?" सुमनने विचारलं.

"सिमेंटची थंडी पायाले बाधते, वहिनी."

हा संवाद मे महिन्यातला. त्या दिवशी दुर्गच्या बाजारात कावळासुद्धा सावली सोडत नव्हता.

कापगते ब्लोअर हाउसमध्ये फिटर होते. भट्टीला हवा पुरवणारी यंत्रं तिथे असतात. मी खरेदी विभागातला कारकून, कागदावर नट-बोल्ट मागवणारा. यंत्र माझ्या वाट्याला येत नसे. एकदा त्यांच्याबरोबर आत गेलो आणि दारातच थबकलो. एवढाली यंत्रं, आणि आवाज असा की माणूस ओरडला तरी नुसतं तोंड हलताना दिसावं. हे सगळं माणसांनी केलं आणि त्यातली काही माणसं माझ्या शेजारी राहतात, या विचाराने माझे डोळे भरून आले. कापगते मात्र गाभण गायीच्या पोटावर ठेवावा तसा एका यंत्रावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "बेअरिंग कुरकुर करून राहिली. कानाचं काही खरं नाही जी. हाताले विचारा."

हे त्यांचं ब्रीदवाक्य. टरबूज घेताना हाताले विचारा. नळाला पाणी येणार की नाही, हाताले विचारा. रेडिओ लागला की आम्ही कान द्यायचो, हे त्याच्या पाठीवर हात द्यायचे. सुमनच्या शिलाई मशीनवर हात ठेवून एकदा म्हणाले, "इले तेल पाहिजे." सुमनने तेल घातलं, मशीन जशी होती तशीच खडखडत राहिली. "हात पण कधी कधी चुकते," असं कबूल करायचा मोठेपणाही त्यांच्यात होता.

त्यांच्या पत्नी वेणूबाई. उंच, सावळ्या, सदा हसऱ्या आणि सदा गप्प. समोरून बोललं तर तोंडाकडे एकटक बघत मान हलवायच्या. मागून हाक मारली तर वळायच्यासुद्धा नाहीत. बायका जमल्या की काहीतरी काम काढून घरात जायच्या. नळावर सुमनने त्यांना हाका मारून पाहिल्या आणि घरी येऊन निकाल दिला, "आखडू बाई आहे. साकोलीकडची पाटलीण समजते का काय स्वतःले." सुमनच्या निकालावर अपील नसायचं. लवकरच साऱ्या ब्लॉकचं तेच मत झालं: नवरा येडा, बायको आखडू.

एका हिवाळ्यात क्लबात कलकत्त्याहून गाणं-बजावणं करणारी मंडळी आली. आम्ही चौघं शेवटच्या लाकडी बाकावर बसलो. पुढे चमचमता कोट घातलेला गायक नाचून गात होता, आणि अगदी मागे एक किडकिडीत माणूस लांब मानेचं, चार जाड तारांचं गिटार घेऊन उभा होता. तो काय वाजवतोय ते मला ऐकू येईना. मी तसं म्हणालो, तर कापगत्यांनी माझं मनगट धरून तळहात बाकावर दाबला.

बाक आतून बोलत होता. मी हात काढू शकलो नाही. पलीकडे वेणूबाईंचाही हात बाकावर पसरलेला होता, आणि कोणीतरी फार वर्षांनी नाव घेऊन हाक मारावी तसा त्यांचा चेहरा झाला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापगते आमच्या दारात. "त्याले बेस गिटार म्हणते. मी विचारून आलो. मले ते घ्याचं आहे."

मी बसलो. या माणसाचा वाद्याशी संबंध म्हणजे गावच्या दंडारीत, म्हणजे नाच-गाण्याच्या खेळात, लहानपणी झांजा धरल्या होत्या, एवढाच.

"शिकवणार कोण?"

"हात शिकते."

मी प्लांटच्या कामाने कलकत्त्याला जाणार होतो. खरेदी विभागातल्या माणसाला सगळं खरेदी करता येतं, अशी त्यांची समजूत असल्यामुळे त्यांनी रजा टाकली आणि माझ्याबरोबर गाडीत बसले.

दुकानदार बंगाली बाबू होता, मोठा सज्जन. शिकाऊ माणूस म्हटल्यावर त्याने हवाईयन गिटार पुढे केलं. "नया आदमी सब यही लेता है. मीठा आवाज है."

"मीठा नहीं मंगता," कापगते म्हणाले. "सबसे नीचेवाला आवाज मंगता."

मग दोन बेस गिटार निघाले. एक लाल, चकचकीत. त्याच्या तारा लाकडाला लगटून, बोट ठेवलं की दबायच्या. दुसरं तपकिरी, वजनदार, तारा वर उचललेल्या. बाबूने समजावलं की नवशिक्याने लालच घ्यावं, तपकिरीने बोटं सोलून निघतील. मलाही ते पटलं. कापगत्यांनी दोन्ही आळीपाळीने पोटाशी धरून एकच तार छेडली. लाल बाजूला ठेवलं. "हे पोटात उतरत नाही," म्हणाले. "बोटाले काय, नवीन चामडी येते."

खरी गंमत अॅम्प्लिफायरच्या वेळी झाली. घरात सरावाला म्हणून बाबूने एक छोटी सुबक पेटी काढली. कापगत्यांनी खिशातून कापूस काढला, दोन्ही कानांत कोंबला, चपला काढल्या आणि दुकानाच्या लाकडी जमिनीवर अनवाणी उभे राहून "बजाव" म्हणाले. बाबू वाजवत होता आणि हे डोळे मिटून पायाची बोटं हलवत होते. मान हलली: नाही. दुसरी पेटी, नाही. तिसरीवर तर ते बसलेच.

बाबूने माझ्याकडे पाहिलं. "ये बाबू गाना सुनेगा कि बैठेगा?"

शेवटी कोपऱ्यातली एक जुनी, ओबडधोबड पेटी निघाली, जाड लाकडाची, आत ताटाएवढा एकच स्पीकर. तिचा आवाज घोगरा होता. कापगते तिच्याभोवती फिरले, वाकले आणि तिच्या खालचे रबराचे पाय काढून टाकायला सांगितलं. बाबू कळवळला. रबर काढलं तर सगळी जमीन हलेल, त्यासाठीच तर ते लावलेलं असतं.

"हलावं म्हणून तं घेऊन राहिलो," कापगते मला मराठीत म्हणाले, आणि माझ्याही हातात कापूस दिला. "तुमी पाहा."

भर बाजारात, कानात बोळे घालून, मी अनवाणी उभा राहिलो. ट्रामची घंटा गेली, बाबूचं बोलणं गेलं, सगळं शहर गेलं. मग बाबूने तार छेडली आणि ती माझ्या तळपायांतून वर चढली, गुडघ्यांतून, छातीपर्यंत. मला कोणी आत्ता विचारलं की तू आयुष्यात काय थोर ऐकलंस, तर मी तो सूर सांगेन, आणि तो मी ऐकलाच नव्हता. हा माणूस वेडा आहे हे माझं मत कायम राहिलं, पण त्यात आदर शिरला.

परत आल्यावर सराव सुरू झाला. एक तार, एक सूर. दिवसपाळी असली की संध्याकाळी, रात्रपाळी असली की दुपारी. बोटं खरंच सोलली. चिंध्या बांधून वाजवायचे. रस्त्यावर उभं राहिलं तर जवळजवळ काही ऐकू यायचं नाही, पण आमची झाकणं थरथरायची, फोडणीची पळी खिळ्यावर डुलायची. एक दिवस सुमन तावातावाने तक्रार घेऊन गेली आणि तशीच परत आली. दार उघडं होतं. कापगते वाजवत होते आणि वेणूबाई पाठमोऱ्या, खोलीच्या मधोमध फळ्यांवर डोळे मिटून उभ्या होत्या. सुमनने हाक मारली, पुन्हा मारली, बाई ढिम्म. "राणीसाहेबांचा दरबार चालू होता," ती म्हणाली आणि झाकणांखाली फडकी घातली.

पावसाळा सरला. आमच्याकडच्या बायका-मुली भुलाबाई मांडतात. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत एकेकीच्या घरी गाणी म्हणायची, आणि शेवटी प्रत्येकीने आणलेली खिरापत बाकीच्यांनी डबा वाजवून ओळखायची. "कोजागिरीची भुलाबाई आमच्या घरी," असं कापगत्यांनी सगळ्या ब्लॉकला सांगितलं. बायका आल्या त्या भक्तीपेक्षा कुतूहलाने. आम्ही दोघं-चौघं पुरुष दाराशी, दूध आटवण्याच्या निमित्ताने. नुकतीच दिवेलागण झाली होती.

भुलाबाईशेजारी ती पेटी, आणि पेटीशेजारी मांडी घातलेले कापगते. बायकांनी पदर तोंडाला लावले. मग वेणूबाई उठून उभ्या राहिल्या, फळ्यांवर अनवाणी. कापगत्यांनी जाड तार छेडली आणि त्या गाऊ लागल्या.

कोणाचा पदर तोंडाशी राहिला नाही. आवाज जाडसर, थोडा गंजलेला, पण केवढा मोकळा. पहिल्या ओळीत सूर चाचपडला आणि मग खालून येणाऱ्या सुराला जाऊन टेकला. बायकांनी मागून धरलं, टाळ्या सुरू झाल्या. सुमनसुद्धा गात होती, रागावलेल्या चेहऱ्याने.

आणि वीज गेली.

पेटी गप्प झाली. दारातून आलेल्या चांदण्यात बायका टाळ्यांवर गातच होत्या. वेणूबाईही गात होत्या, पण त्यांचं गाणं निराळ्याच वाटेने निघालं. बायकांचं कडवं संपलं, त्यांचं चालूच. मग सगळ्या थांबल्या आणि त्या एकट्याच गात राहिल्या, डोळे मिटून, वेड्यावाकड्या सुरात. कोणीतरी "वेणूबाई," अशी हाक मारली. मग मोठ्याने मारली. त्यांना पत्ताच नव्हता.

खोलीतल्या प्रत्येकीला एकाच वेळी कळलं. मलाही. मी कापगत्यांकडे पाहिलं. त्यांच्या हातात मुकं गिटार होतं, आणि आपली चोरी नाही, तर बायकोची अब्रू उघडी पडलेल्या माणसासारखं ते आमच्याकडे बघत होते. मग त्यांनी गिटार ठेवलं, उभे राहिले आणि उजवा पाय फळीवर आपटला. घरी आल्यावर आपटायचे तसा. ठेक्यात, पुन्हा पुन्हा.

वेणूबाईंचं गाणं अडखळलं, त्या पायाकडे वळू लागलं. एकट्याचा पाय अपुरा पडत होता.

तेव्हा सुमन उठली. माझी बायको, जिच्या निकालावर अपील नसायचं. तिने पदर खोचला आणि धाडकन पाय आपटला. तिच्यामागे दुसरी, तिसरी. सगळ्या उठल्या. रशियन अक्षरांवर आमच्या वऱ्हाड-झाडीपट्टीच्या बायका नाचल्यासारख्या पाय आपटू लागल्या, घर हलू लागलं, आणि वेणूबाई गाण्यात परत आल्या. त्यांनी डोळे उघडले. सगळ्यांचे पाय बघितले. कळलं त्यांना. पण गाणं थांबवलं नाही.

शेवटी खिरापत ओळखायची वेळ आली. डबे कानाशी धरून वाजवायचे. सुमनने आपला डबा वेणूबाईंच्या कानाशी नेला नाही. त्यांचा हात घेतला, तळहातावर डबा ठेवून हलवला आणि चांदण्यात तोंड दिसेल अशी समोर बसून म्हणाली, "हाताले विचारा."

वेणूबाईंनी बराच वेळ विचारलं. "फुटाणे," त्या म्हणाल्या. फुटाणेच होते.

दुसऱ्या दिवशी कापगते प्लांटच्या वाटेवर एवढंच बोलले. "टीबी झाला होता तिले. सुयांनी जीव वाचला, कान गेले. गावात बहिरी म्हणून बोंब मारून बोलावत. इकडे येताना म्हणाली, तिथं मले कोणी ओळखत नाही, मंग कोणाले सांगू नका. म्हटलं, नाही सांगत. येडा म्हणा मले, काय फरक पडते?" मी सायकल हातात धरून चालत होतो.

आमच्या ब्लॉकनेही कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून कापगत्यांच्या घरात शिरणारी प्रत्येक बाई उंबरा ओलांडली की दोनदा पाय आपटायची, आणि आतून वेणूबाई हसत बाहेर यायच्या. पुढे कोपऱ्यावरच्या क्वार्टरमध्ये एक नवीन कुटुंब आलं. त्यातल्या बाईंनी हा प्रकार पाहून सुमनला विचारलं, "तुम्ही सगळ्या त्या घरात जाऊन पाय का हो आपटता?"

"प्लांटची धूळ," सुमन अगदी गंभीरपणे म्हणाली. "झटकून राहिलो."